परत न गेलेल्या बाटल्या

पुण्याच्या मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. नळाच्या तोट्या, बंद पडलेली घड्याळं, पितळी अडकित्ते असा सगळा पसारा, आणि त्यात कुठंतरी चिखलानं माखलेली बाटली आडवी पडलेली असते. "काका, अँटिक पीस आहे," विक्रेता सांगतो. तो पानाच्या डब्यालाही तेच म्हणतो. आपण चेहरा कोरा ठेवायचा. डोळ्यांत चमक दिसली, की भाव चढलाच.

बाटली हातात घेतली, की आधी अंगठा फिरवायचा. साच्याच्या दोन भागांची शिवण बुडापासून वर चढत जाते. ती गळ्यातच विरली असेल, तर बहुधा तोंड कारागिरानं हातानं घडवलेलं. थेट काठावरून पलीकडे गेली असेल, तर काम यंत्राचं. मग उजेडात धरायची. हिरवट झाक वाळूतल्या लोहाची. मधेच अडकलेला बुडबुडा म्हणजे काच ओतली त्या दिवशीची हवा.

माझा जीव गोटी सोड्याच्या बाटलीत अडकलेला. हायरम कॉड या इंग्रजानं १८७२मध्ये तिचं पेटंट घेतलं. बाटली उलटी धरून भरायची. वायूच्या दाबानं गोटी गळ्यातल्या रबरी कड्याला घट्ट चिकटायची. बूच नको, तार नको. पिताना गोटी पुन्हा आड येऊ नये म्हणून गळ्याखाली खळगे ठेवलेले. या सगळ्या हुशारीला पुरून उरली ती पोरं. गोटीसाठी त्यांनी इतक्या बाटल्या फोडल्या, की धड बाटली मिळणं नशिबाचं काम झालं.

सोडा बनवणाऱ्यांत मुंबईचे पालनजी १८६५चे, पुण्याचे अर्देशिर १८८४चे. ही नावं सगळ्यांना ठाऊक. मला हवं असतं ते एखाद्या तालुक्याच्या गावात कधीच बंद पडलेल्या सोडा कारखान्याचं नाव. अशा कित्येक बाटल्या विलायतेत ओतल्या गेल्या. पैसा फंडानं लोकांकडून एकेक पैसा गोळा करून तळेगावात काच कारखाना उभा केला, तो त्यानंतरचा. काच सातासमुद्रापलीकडची, पण पोटावर उठावाची अक्षरं आपल्या गावची! कोरडी माती नखानं खरवडावी आणि एकेक अक्षर वर यावं, यासाठी दिवसभराचं ऊन सोसायला मी तयार असतो.

पण ते नाव काही मिरवायला नव्हतं, ती मालकीची खूण होती. गिऱ्हाइकाला विकलं जायचं ते आतलं पाणी; बाटली कारखान्याची, रिकामी होताच परत यायची. तेव्हा माझ्या कपाटातली प्रत्येक नावाची बाटली म्हणजे कुणीतरी बुडवलेला माल. उद्या एखादा कारखानदार जुनी वही घेऊन दारात उभा राहिला, तर नाही म्हणायला मला तोंड नाही. फक्त अनामत रोख मोजून घेईन, आणि तीही आजच्या भावानं.