दुवा

कंबरदुखी हा बँकेतल्या कारकुनाचा अधिकृत दागिना आहे. इतकी वर्षं एका खुर्चीत काढली. खुर्ची झिजली नाही, आम्हीच झिजलो. त्यामुळे परवा आमच्या भाच्याने मोबाईलवरच्या व्हिडिओत एक उशी छातीशी धरून, "कंबरेला लई भारी हाय, मी सोता वापरतोय. लिंक खाली दिलीय," असं जाहीर केलं, तेव्हा माझं मन भरून आलं. शेवटी रक्ताचं नातं! मी तत्काळ लिंकवर बोट टेकवलं आणि 1,499 रुपये मोजले. लिंकला शुद्ध मराठीत 'दुवा' म्हणतात. मला तो आशीर्वादातला दुवा वाटला.

रविवारी भाचेबुवा घरी आले. उशीवर बसले, जरा हलून बघितलं आणि म्हणाले, "मामा, ही कशी हाय वो? खरंच फरक पडतोय काय?"

हिच्या हातातला चहा हिंदकळला.

चौकशीअंती कळलं, की उशी व्हिडिओपुरती मित्राकडून आणली होती. त्या दुव्यावरून कुणी खरेदी केली, की दर उशीमागे भाच्याला 60 रुपये.

"पण मामा, तुमचं काय गेलं? किंमत तेवढीच. मला कंपनी देती."

मी कॉमर्सचा पदवीधर. कंपनी पदरचं काही देत नाही, एवढं पहिल्या वर्षीच शिकलो होतो. म्हटलं, "अरे, आपलं वडगाव जनावरांच्या बाजाराचं गाव. रुमालाखाली बोटं दाबून सौदे ठरायचे. पण दलाल उघड्यावर असायचा. त्याने बैलाची स्तुती सुरू केली, की गिऱ्हाईक आपसूक बैलाचे दात मोजायला लागायचं. तुमच्या बाजारात भाव ठळक अक्षरांत आणि दलाल रुमालाखाली!"

मग मी त्याला कायदाही ऐकवला. जानेवारी 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने अशा मंडळींसाठी मार्गदर्शिका काढली आहे. पैसे किंवा भेटवस्तू मिळत असेल, तर ते व्हिडिओत साध्या भाषेत, ठळकपणे सांगायचं; आणि स्वतः न वापरलेल्या वस्तूची भलावण करायची नाही. दिशाभूल केली, तर पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत दंड. साठ रुपयांच्या मानाने दर जरा चढाच आहे.

भाचा निमूट ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "मामा, एक विचारू? मागल्या आठवड्यात मी पासबुक भरायला आलो, तवा तुम्ही त्या रिटायर गुरुजींना विमा घ्यायला लावला. त्यात बँकेला कमिशन असतंय, हे सांगितलं काय?"

आता हिंदकळण्याची पाळी माझ्या चहाची होती.

गुरुजी आले होते ठेवीचं नूतनीकरण करायला. वरून टार्गेट होतं. "आपल्या बँकेचंच आहे, डोळे झाकून घ्या," असं मी म्हणालो होतो. त्यांनी डोळे झाकले, कारण ते मला ओळखतात. भाच्याने ज्यावर 60 रुपये मिळवले, ते हेच भांडवल.

रात्रभर उशी असूनही कंबर दुखली. सकाळी गुरुजींना गाठून सगळं सांगितलं. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत परत करता येते, हेही सांगितलं.

गुरुजींनी चष्मा पुसला. "मग करा परत. ठेवच बरी," म्हणाले. जाताना डोक्यावर हात ठेवला. "खरं बोललास, बाळ."

साहेब दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हते. टार्गेटचा तक्ता मात्र माझ्याकडे रोखून बघत होता.

भाच्याने त्या व्हिडिओवर ठळक मराठीत घातलं आहे : 'या लिंकवर मला कमिशन मिळतं. उशी मी वापरलेली नाही, मामा वापरतात.' विक्री पार बसली म्हणतो.

बसणारच. मी त्याच उशीवर बसून हे लिहितोय. कंबर तशीच आहे.

पण गुरुजींचा दुवा मात्र बिनकमिशनचा मिळाला.