मिरगाचा किडा

आमच्या नाकाडोंगरीकडे गळ्यात कॅमेरा अडकवून येणारा माणूस पहिले वाघ विचारतो. मग बिबट, मग अस्वल. मध्यप्रदेशची हद्द जवळ, जनावर इकडून तिकडे फिरत राहते, दिसलं तर त्याचं नशीब. पण मिरग लागल्यावर पायाखाली जे निघते त्याच्याकडे कोणी वाकून पाहत नाही. मला त्याचाच नाद लागला आहे.

मृग नक्षत्र ७-८ जूनला लागते. पहिला दणक्याचा पाऊस झाला, माती मऊ झाली, की सकाळी धुऱ्यावर, पांदणीत, सागाखाली लाल मखमलीचे ठिपके चालताना दिसतात. लहानपणी आम्ही ते काडीपेटीत भरत होतो. बोट लावलं की पाय पोटाशी घेऊन गप्प पडते.

मागच्या मिरगात नातवासोबत सकाळीच जंगलात गेलो. त्याच्या मोबाईलला चिमट्याने लावायचं एक बारकं भिंग होतं. त्या भिंगाची गंमत अशी, की किडा दोन बोटांवर आला तरच स्पष्ट दिसतो. जरा पुढे-मागे झालं की सारं धूसर. तोंड साफ आलं तर पाठ नाही, पाठ आली तर पाय नाहीत. उभ्याने तर जमतच नाही. दुपट्टा अंथरून पोटावर पडलो, कोपरं चिखलात रोवली, श्वास धरला. रोवण्यात कंबर वाकवून जन्म गेला, पण जमिनीला गाल लावून कधी पाहिलं नव्हतं. आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही आणि तो चालत असला तर त्याच्या वाटेवर आधीच जाऊन थांबायचं. चाळीसेक फोटो काढले, त्यातला एक धड निघाला.

काही लोक किड्याला उचलून सुंदर पानावर ठेवतात आणि फोटो काढतात. मला ते पटत नाही. तो चिखलात आहे, तर चिखलातच पाहावा.

फोटो मोठा करून पाहिला तर पाय आठ. नातू म्हणाला, "आबाजी, हा किडा नोहे. कोळ्याच्या नात्यातला हाय." खरंच आहे, किड्याला सहा पाय असतात. हा गोचिडासारखा, कोळ्याच्या गोतातला. वर्षाचे बहुतेक दिवस मातीत राहतो. पावसाने वर येतो, पंख फुटून निघालेली उधई खातो, जोडी जमवतो आणि परत मातीत जातो. ह्या गोतातल्या पिल्लांना मात्र सहाच पाय असतात, आणि ती नाकतोड्यासारख्यांच्या अंगाला चिकटून रस पिऊन वाढतात. नाकतोड्याच्या पंखाखाली लाल मणी ओवल्यासारखे दिसतात ना, ती पिल्लं. जन्मभर ते मणी पाहिले होते, ह्या मखमलीशी त्यांचं नातं असेल हे कधी मनात आलं नव्हतं.

तिथेच ओळखीचा एक जण बरणी घेऊन आला. बरणीत हेच, एकावर एक.

"भाऊ, ह्याचा तेल काढते. वातावर लावते म्हणे. घेणारा घेऊन जाते."

वात त्याने जाते का नाही, देव जाणे. माझ्या गुडघ्यावर तरी मी लावणार नाही. पण मिरगाच्या तोंडावर घरात पैसा नसतो, बी-खताची सोय करायची असते. अशा वेळी दोन पैसे देणाऱ्या बरणीला नाव ठेवायचं माझं तोंड नाही. मी फक्त मोबाईल त्याच्या पुढे धरला.

"अरे बापा! ह्याले एवढे केस?"

"पाय मोज."

त्याने काचेवर बोट ठेवून मोजले. "आठ." मग म्हणाला, "आन् हा वर कायले येते?"

"जोडी जमवायले. ह्याच दिवसात. बाकी मातीत."

"म्हंजे ह्याचे लगन आताच?"

"आताच."

तो बरणीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तो फोटो माझ्या मोबाईलवर टाक." नातवाने टाकला. तो बरणी घेऊन पांदणीने पुढे गेला. वाटेत दोन-तीन लाल ठिपके होते, मला इथून दिसत होते. तो वाकला नाही. दुसऱ्या दिवशीचं ठाऊक नाही, आम्ही परे टाकायला बांधीत होतो.