आम्ही आणि आपण

सन १९८६ मध्ये आम्ही बेळगावात बी. ए. च्या शेवटच्या वर्षात शिकत होतो. कॅम्प भागातील एका मुलींच्या वसतिगृहात सेवेसाठी आलेल्या वृद्ध मिशनरी दांपत्यास मराठी शिकविण्याचे काम त्या वर्षी आमच्याकडे आले. दोघेही इंग्लंडमधील निवृत्त शिक्षक. साहेब सदुसष्ट वर्षांचे, बाई चौसष्ट वर्षांच्या. "पाद्र्यांच्या घरी पाणीसुद्धा पिऊ नकोस," असे वडिलांनी बजावले होते. पहिल्याच दिवशी बाईंनी चहा पुढे केला आणि आम्ही तो मुकाट्याने प्यालो.

बेळगावास मिशनरी नवे नव्हते. लंडन मिशनरी सोसायटीची मंडळी येथे १८२० मध्येच आली होती. त्यांच्यापैकी बहुतेक जण तरुणपणी आले. हे दांपत्य मात्र नातवंडे मागे ठेवून आले होते.

त्यांचा दिवस साधा असे. पहाटे प्रार्थना, मग पाणी उकळून गाळणे. साहेब वसतिगृहाचे हिशेब पाहत, बाई मुलींचा अभ्यास घेत. शनिवारी दोघे पिशवी घेऊन बाजारात जात. रात्री मच्छरदाणीत शिरण्यापूर्वी मुलाला एरोग्रामवर चार ओळी लिहीत. धर्माविषयी त्यांनी आम्हांस कधी काही विचारले नाही. प्रश्न असत ते मराठी सर्वनामांविषयी.

'आम्ही' आणि 'आपण' यांतील भेद बाईंना उमगत नसे. इंग्रजीत दोहोंस शब्द एकच. शेजारच्या कन्नडमध्येही एकच 'नावु'. आम्ही सांगितले, "ऐकणारा त्यात असेल तर 'आपण', नसेल तर 'आम्ही'." त्या पहिल्या पावसाळ्यात कौलांतून पाणी ठिबकू लागले, तेव्हा बाई व्यवस्थापकांस म्हणाल्या, "तुमचे छप्पर गळते आहे." व्याकरणदृष्ट्या त्यात काहीच चूक नव्हती.

जानेवारीत मुलाचे पत्र आले. भाषांतराचा सराव म्हणून बाईंनी त्यातील एक वाक्य पुढे ठेवले. नाताळला सारे घर एकत्र जमल्याचा त्यात उल्लेख होता. "येथे 'आपण' की 'आम्ही'?" त्यांनी विचारले. आम्ही विशीतले, शिकविण्याच्या उत्साहात म्हणालो, "'आम्ही'च. तुम्ही तेथे नव्हता ना!" बाईंनी वहीत 'आम्ही' लिहिले आणि बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिल्या. साहेबांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. आमच्या उत्तरात कोणता घाव होता, हे कळावयास आम्हांस पुढे स्वतःची मुले परगावी जावी लागली.

१९८७ चा पावसाळा आला. एका सायंकाळी गेलो, तो बाई मुलींच्या खोलीत घमेले घेऊन उभ्या. आम्हांस पाहताच ओरडल्या, "मास्तर, शिडी आणा! आपले छप्पर गळते आहे!" त्या दिवशी धडा झाला नाही, त्याची गरजही उरली नव्हती.

पुढील वर्षी ते मायदेशी परतले. आम्ही यथावकाश सरकारी मराठी शाळेचे मुख्याध्यापक झालो. आमच्याच आवारात कन्नड शाळा भरते. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहूनही आमच्या तोंडी 'आम्ही' आणि 'ते' एवढेच शब्द होते. गेल्या पावसाळ्यात वादळाने कन्नड शाळेची कौले उडाली. शिपाई सांगत आला, "सर, त्यांचे छप्पर गेले." क्षणभर थांबून आम्ही म्हणालो, "आपले छप्पर गेले आहे. मुलांना आत बोलवा."