घंटेची जागा

लहानपणी वडिलांबरोबर नाशकाच्या बाजाराला गेलो की गंगेवर जाणं व्हायचंच. नारोशंकराच्या देवळाची ती थोरली घंटा मान वर करून बघायची. तिच्यावर १७२१ साल आहे. वडील सांगायचे, "आपल्या लोकांनी वसई जिंकली, तवा आणली ही." माझी छाती फुगायची.

गेल्या दिवाळीत लेकीकडे वसईला गेलो. नातू म्हणाला, "आबा, किल्ला बघू." चिमाजीअप्पांनी १७३९ साली घेतलेला किल्ला, मलाही बघायचाच होता. आत तटापेक्षा मला चर्चच जास्त दिसली. सेंट जोसेफचं चर्च १५४६ सालचं, १६०१ मध्ये वाढवलेलं. आता वर छप्पर नाही. भिंतींत झाडांच्या मुळ्या घुसल्यात. मनोरा मात्र अजून उभा.

नातवाच्या मोबाइलवर मी फोटो काढू लागलो. आधी कमान घेतली, मग मनोरा. वरच्या खिडकीतून नुसतं आभाळ दिसत होतं. बोट तिथंच थांबलं. आमची घंटा ह्या चर्चची असो की पलीकडच्या, उतरवली असेल ती अशाच एखाद्या मनोऱ्यातून. घंटा इतकी वर्षं बघितली, पण तिची रिकामी जागा कधी डोक्यातच आली नव्हती.

पायरीवर एक म्हातारेबाबा बसले होते, तिथलेच ख्रिस्ती शेतकरी. "कुठून आलात?"

"नाशिकहून."

"म्हणजे आमच्या घंटेच्या गावचे!" ते हसले. मग दिल्या घरच्या लेकीची चौकशी करावी तसं विचारलं, "बरी हाय ना ती?"

"बरी आहे," मी म्हणालो. "गंगेला पूर येतो, पण बरी आहे."

रात्री झोप लागेना. आमच्या वाटण्या झाल्या तेव्हा आईचं तांब्याचं घंगाळ मी थोरलेपणाच्या जोरावर ओढून घेतलं होतं. वीस वर्षं ते पाहुण्यांना मिरवतोय. धाकट्याच्या न्हाणीत, ते ठेवून ठेवून दगडाला पडलेला गोल खळगा मात्र तसाच रिकामा होता.

गावी आल्यावर घंगाळ चिंचेनं घासलं, लेकाच्या मोटारसायकलला बांधलं आणि धाकट्याकडं नेलं. तो काही बोलला नाही. भावजयीनं ते उचलून त्या खळग्यात ठेवलं. जरा डुगडुगलं. तिनं खाली एक चपटा खडा सरकवला आणि पाणी ओतायला लागली.