नुसतंच ‘टक’

बटण दाबलं की सीटखालून ‘टक’ असा आवाज यायचा आणि पुढे शांतता. हॉर्न खणखणीत, इंडिकेटर व्यवस्थित, न्यूट्रलचा हिरवा दिवाही लागायचा. फक्त सेल्फ घेत नव्हता. गाडी 2008 सालची, दीडशे सीसीची. किकवर भागलं असतं, पण माझा उजवा गुडघा गाडीपेक्षा बराच जुना आहे आणि डॉक्टरांनी त्याला किक बंद केलीय. मग आठवडाभर उतार बघून गाडी लावायची, दुसऱ्या गिअरात क्लच सोडून चालू करायची. रत्नागिरीत उतारांना तोटा नाही, पण नेमका मासळी घ्यायला थांबतो तिथे रस्ता सपाट.

बॅटरी बसली असणार, हे निदान माझंच. नवी टाकली. टक. मेकॅनिक म्हणाला, रिले गेला. रिले बदलला. टक, पण जरा तरुण आवाजात. मग तो म्हणाला, “मोटारचे कार्बन संपले असतील, खोलायला लागेल. दोन दिवस ठेवा गाडी.” तसं असूही शकतं. कार्बन झिजतात, खरंच आहे. पण दोनदा खिसा हलका झाल्यावर तिसऱ्यांदा मन होईना.

शेजारचे काका एस.टी.च्या वर्कशॉपमधून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेत. संध्याकाळी मी गाडी ढकलत आणताना त्यांनी पाहिलं.

“बॅटरी मोजलीस?”

“मोजली ना काका. 12.7 व्होल्ट.”

“बटण दाबून?”

“नाही, तशीच.”

“म्हणजे झोपलेल्या हमालाला विचारलंस, पोतं उचलशील का!”

ते घरातून मल्टिमीटर घेऊन आले. काड्या बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावल्या आणि मला बटण दाबायला सांगितलं. टक. आकडा 12.7 वरून 12.3 वर आला आणि तिथेच थांबला. मी खूश झालो, म्हटलं बॅटरी दणकट निघाली. काकांनी मान हलवली. बॅटरी दमली असती तर बटण दाबताच आकडा दहाच्या खाली कोसळला असता. इथे तो जेमतेम हलला, याचा अर्थ मोटारने पुरेसा करंट ओढलाच नव्हता. सेल्फची मोटार जोर लावते तेव्हा कित्येक अँपिअर मागते, हॉर्नला दोन-चार पुरतात. वाट कुठेतरी चिंचोळी झाली असेल तर हॉर्न वाजतो, रिले टकटकतो आणि मोटार मात्र उपाशी राहते.

मग त्यांनी एक काडी बॅटरीच्या मायनसवर ठेवली आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टोचली. “दाब.” दाबलं. मीटरवर साडेआठ व्होल्ट! तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं होतं. बॅटरीचा बराचसा दाब मायनसवरून इंजिनला जाणाऱ्या एका जाड काळ्या तारेच्या वाटेतच खर्च होत होता, मोटारच्या वाट्याला थोडाच उरत होता.

तारेचं दुसरं टोक इंजिनच्या मागच्या अंगाला, चिखलाआड. बॅटरीची मायनस आधी सोडून मग 10 नंबरच्या पान्ह्याने बोल्ट काढला. तारेच्या टोकाचं थिंबल हिरवटलेलं, भोवती पांढरी भुकटी. समुद्राजवळच्या गाड्यांना हे नवं नाही. पण थिंबलच्या खाली इंजिनवर पाहिलं तर धातू नव्हताच. चकचकीत रुपेरी रंग होता. म्हणजे इतके दिवस सगळा करंट बोल्टच्या आट्यांमधून जात होता आणि पावसाळ्याने आता ते आटेही गंजवले होते.

काकांनी पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासली, खालून पांढरा धातू निघेपर्यंत. थिंबल घासलं, बोल्ट घासला, आवळून वरून ग्रीस फासलं. पुन्हा काड्या लावल्या, पुन्हा बटण. आकडा वाचायच्या आधीच इंजिन चालू झालं. बंद करून परत मोजलं तर 0.2.

“आता एक सांग,” पॉलिश पेपरची घडी करत काका म्हणाले, “इंजिनला रंग कुणी मारायला सांगितला होता?”

गेल्या वर्षी दसऱ्याला मीच, हौसेने. मी वाकून पेट्रोलचा कॉक बघू लागलो.