मिठाच्या पिशवीवरची तारीख

दहा-बारा वर्षं मी ठाण्यातल्या सोसायट्यांमध्ये रविवारी सकाळी हृदयविकार आणि आहार यांवर व्याख्यानं दिली. ओट्स खा, ऑलिव्ह तेल वापरा, तळण बंद करा, मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवा. लोक वहीत लिहून घ्यायचे आणि पुढच्या वर्षी रक्तदाबाचे तेच आकडे घेऊन भेटायचे. यांना स्वतःच्या जिवाची पर्वा नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. दोघा-तिघांना तोंडावर बोललेही.

माझं हे मत बदललं ते एका घरच्या ओट्यापाशी. व्याख्यानानंतर तिथे जेवायला थांबले होते. पोळ्या लाटता लाटता स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "ताई, तेल कमी करा असं तुम्ही साहेबांना सांगता. पण फोडणी तर मी घालते ना!"

मावशी सहा घरी रांधतात. रश्श्यावर तवंग दिसला नाही की 'आज चव नाही' असं ऐकावं लागतं. एक काम त्यावरूनच सुटलेलं. तळणीतलं उरलेलं तेल वाया जाऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशी फोडणीत पडायचं. सहा कुटुंबांचं तेल-मीठ ज्या हातात, त्या बाईला व्याख्यानाला कुणी बोलावलं नव्हतं. मीही नाही. याची मला आजही लाज वाटते.

वनस्पती तुपातल्या कृत्रिम ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली. खारी-बटर खाणाऱ्या कुणाला त्यासाठी मनोनिग्रह करावा लागला नाही. माणसाच्या निश्चयावर मी फार भार टाकत होते, हे तेव्हा नीट कळलं.

आता मी मावशींबरोबर ओट्याशी उभी राहते. तेल बुधलीतून थेट ओतायचं नाही, चमच्याने मोजून घालायचं. ऑलिव्ह तेलाचं नाव मी सोडलं. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी मावशींच्या हातात आहेच. मिठाचा हिशेब तर अगदी सोपा. चौघांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे किलोची पिशवी ५० दिवस पुरायला हवी, आणि पापड, लोणचं, फरसाणातलं मीठ वेगळंच. पिशवी फोडली की त्यावर तारीख लिहायची. आणि घरच्यांना मी एवढंच बजावते, की पहिले पंधरा दिवस चवीवरून मावशींना बोलायचं नाही. जिभेला सवय व्हायला वेळ लागतो.

त्या घरी पहिली पिशवी २६ दिवसांत संपली होती. परवाची ४१ दिवस पुरली. मावशींनी तारीख दाखवली आणि विचारलं, "पण ताई, लोणच्यात मीठ कमी घातलं तर बुरशी येईल, त्याचं काय?"

लोणचं नेहमीसारखंच घाला म्हटलं. पानात वाढताना फक्त एकच फोड.