काचेच्या सवती

मैत्रिणींनो, लग्न होऊन मी दादरच्या घरी आले तेव्हा मला सासू होती, नणंद होती आणि चार सवतीही होत्या. दचकू नका! चारही सवती काचेच्या. दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, लेमनसेटच्या वरच्या फळीवर त्या ऐटीत उभ्या होत्या. तीन स्कॉटलंडच्या, एक अमेरिकेची.

आमचे हे नोकरदार माणूस. पगार बेताचा, बाकी व्यसन नाही. पण शनिवारी रात्री जेवणापूर्वी एक छोटा पेग घ्यायचा, आधी त्याचा वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि मग एका वहीत लिहायचं, 'मधाचा वास, शेवटी मिरपूड.' कुणी तिकिटं जमवतं, कुणी नाटकांच्या जाहिराती. ह्यांचा छंद हा. बाटल्याही बहुतेक नणंदेच्या यजमानांनी परदेशाहून येताना आणलेल्या. एकेक बाटली वर्ष वर्ष पुरायची.

तुम्ही म्हणाल, मग त्यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय होतं? सांगते.

माझं माहेर लालबागचं. बाबा गिरणीत साचे चालवायचे. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला आणि बाबा पुन्हा कधीच खात्यात गेले नाहीत. माझा जन्म त्यानंतरचा. त्यामुळे कामावर जाणारे बाबा मी पाहिलेच नाहीत. मला आठवतात ते चाळीच्या जिन्यात बसलेले बाबा आणि त्यांच्या अंगाला येणारा नवसागराचा नि सडक्या गुळाचा वास. मी नववीत असताना ते गेले. डॉक्टर म्हणाले यकृत, आई म्हणाली नशीब. सासरी मी एवढंच सांगितलं होतं, की वडील काविळीने गेले.

तेव्हा शनिवार आला की मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेई आणि भांडी जरा जास्तच जोरात घाशी. एकदा हे दारात येऊन म्हणाले, "अगं, पिऊ नकोस, पण नुसता वास तर घेऊन बघ. हिंग खरा की खोटा हे वासावरून सांगणारी तू. तुझं नाक माझ्यापेक्षा तयार आहे."

रागारागाने ग्लास नाकाशी धरला. नवसागर नव्हता. सडका गूळ नव्हता. मला जरा फसवल्यासारखंच वाटलं!

तेव्हापासून शनिवारी ह्यांच्या वहीत माझाही शेरा पडू लागला. पहिली सवत जॉनी वॉकर. चौकोनी बांध्याची, कपाळावर तिरकी पट्टी. चौकोनी बाटल्या खोक्यात जास्त मावतात आणि कमी फुटतात, म्हणून हा आकार. ही कल्पना एखाद्या गृहिणीचीच असावी असं मला वाटतं! वासाला ही सुक्या मेव्याच्या डब्यासारखी, त्यात धुराची नुसती चाहूल. दुसरी ग्लेनफिडिक, तिकोनी. नावाचा अर्थ हरणांची दरी, म्हणून चिठ्ठीवर शिंगवालं हरीण. हिला पिकलेल्या पेरचा गोड वास. तिसरी आयला बेटावरची लाफ्रॉय. बाई गं! झाकण उघडलं की थेट दवाखानाच. आयोडीन, धूर आणि ससून डॉकवरचा खारा वारा. सासूबाई म्हणाल्या, "हिला शोकेसमध्ये कशाला ठेवता, औषधांच्या कपाटात ठेवा." आणि चौथी अमेरिकेची मेकर्स मार्क. गळ्यावरून लाल लाखेचे ओघळ, जणू कुंकू सांडलंय. हिचा वास मला सगळ्यांत ओळखीचा वाटला. साखर करपायच्या बेतात असते ना, तो क्षण, आणि वर व्हॅनिला.

हे सगळे वास येतात कुठून? शिकवायची सवय, म्हणून मी ते मुळापासून समजून घेतलं. स्कॉटलंडची माल्ट व्हिस्की सातूची. सातू भिजवतात, त्याला मोड आणतात, अगदी आपल्या मटकीसारखे. मग ते मोड वाळवतात. काही ठिकाणी वाळवताना पीटची, म्हणजे दलदलीतल्या कुजून दबलेल्या पालापाचोळ्याची, धुरी देतात. लाफ्रॉयचा दवाखाना तो इथला. मग दळणं, आंबवणं, अर्क काढणं, आणि शेवटी ओकच्या लाकडी पिपांत निदान तीन वर्षं मुरवत ठेवणं. त्याहून कमी मुरली तर तिला स्कॉच म्हणताच येत नाही.

अमेरिकेची बर्बन मुख्यतः मक्याची. निदान ५१ टक्के मका हवा, असा तिथला कायदा. पीप मात्र दरवेळी कोरं हवं आणि आतून जाळून काळं केलेलं. लोणचं घालण्यापूर्वी आपण बरणीला हिंगाची धुरी देतो, त्यातलाच हा प्रकार. करपत्या साखरेचा वास त्या जळक्या लाकडाचा. आता गंमत पाहा. एकदा बर्बन मुरली की ते पीप बर्बनला पुन्हा चालत नाही. मग टाकून देतात? छे! ती वापरलेली पिपं स्कॉटलंडला जातात आणि त्यांत स्कॉच मुरते. जुन्या बरणीचा वास नव्या लोणच्याला लागावा, तसं अमेरिकेचं व्हॅनिला स्कॉचला लागतं. काटकसर काही आपणच शोधून काढलेली नाही!

आणि आपल्याकडे? बंगळुरूची अमृत ही सातूची व्हिस्की २००४ मध्ये थेट स्कॉटलंडात, ग्लासगोला विकायला ठेवली गेली, आणि जाणत्यांनी तिला नावाजलंही. पण आपल्याकडची बरीचशी स्वस्त व्हिस्की उसाच्या मळीच्या अर्कावर होते. हे ऐकलं तेव्हा मला बाबांचा गूळ आठवला. ऊस तोच. एक वाट बाटलीकडे गेली, एक हातभट्टीकडे.

असं आमचं बरं चाललं होतं. सवतींशी समेट झाला म्हणा ना! आणि मग गेल्या वर्षी एक मंगळवार उजाडला.

ह्यांच्या ऑफिसात माणसं कमी करायचं घाटत होतं. संध्याकाळी हे आले, बुटांसकट आत गेले, पाण्याचा स्टीलचा पेला घेतला आणि हाताला लागली ती बाटली त्यात ओतली. वास घेतला नाही. वही उघडली नाही. मी कणीक मळत होते. पेल्यातला वास बाबांचा नव्हता, पण पेला धरायची पद्धत बाबांचीच होती. माझे हात परातीतच गार पडले.

आमचा नऊ वर्षांचा चिरंजीव अभ्यासावरून मान वर करून म्हणाला, "बाबा, आज शनिवार नाही ना?"

हे काही बोलले नाहीत. पेला ओट्यावर ठेवून गॅलरीत जाऊन उभे राहिले. मुलगा झोपल्यावर मी जवळ गेले आणि लग्नानंतर दहा वर्षांनी पहिल्यांदा सगळं सांगितलं. काविळीच्या मागची गोष्ट. आई बाबांचे खिसे कशी चाचपायची. महिनाअखेरीला वाण्याकडे मला का पाठवायची. मी शनिवारी भांडी का आपटायची. ह्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग एवढंच म्हणाले, "आधी का नाही सांगितलंस?" मला उत्तर देता आलं नाही. आपल्या माणसाची लाज दुसऱ्या आपल्या माणसापासून लपवायला आपण किती लहानपणी शिकतो, नाही?

सकाळी तो पेला मी मोरीत ओतला. एवढी महागाची, पण जिवाला चटका लागला नाही.

त्या रात्रीपासून मला एक कळलं. भीती बाटलीच्या भारी-हलकेपणाची नसते. माणूस तिच्याकडे कशासाठी हात करतो, त्याची असते. बाबांना कधी चव हवीच नव्हती. त्यांना दिवस विझवायचा होता. आणि दिवस विझवायला स्कॉचही तितकीच चालते. यकृताला काही चिठ्ठी वाचता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं, की दारूचं निर्धोक असं प्रमाणच नाही. हे वाक्य मी ह्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. ह्यांनी ते खोडलेलं नाही.

हो, आणि आपल्या महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे बरं का. पिण्यासाठी परवाना लागतो, आणि त्यात कारण लिहिलेलं असतं, प्रकृती राखण्यासाठी! अमेरिकेतही १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हा तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळायची. माणूस इकडचा असो की तिकडचा, निमित्त औषधाचंच.

आता आमच्या घरी नियम तीन. शनिवार सोडून बाटली उघडायची नाही. पेग तीस मिलिलिटरच्या मापानेच, आणि माप माझ्या मसाल्याच्या डब्याशेजारी राहील. आणि ज्या दिवशी मन बिघडलं असेल तो शनिवार असला तरी शनिवार नाही. त्या दिवशी आधी बोलायचं. ऑफिसातलं संकट टळलं की नाही म्हणाल, तर अजून टांगणीलाच आहे. पण मंगळवार पुन्हा आला नाही.

जाता जाता एक घरगुती सूचना. परदेशी दारूची रिकामी बाटली झाकणासकट, चिठ्ठीसकट भंगारवाल्याला देऊ नका. तीत भेसळीचा माल भरून विकणारे असतात. २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. कुणाच्या घरात काय जातं, त्यात आपला हात नको. चिठ्ठी भिजवून खरवडून काढा, झाकण वेगळं टाका. बाटली चांगली दिसत असेल तर घरीच वापरा.

आमची चौकोनी सवत रिकामी झाली, तेव्हा मी तिच्यात मनीप्लँट लावला. तो लालबागहून आणलेला. आईच्या गॅलरीतल्या वेलाची फांदी. चांगला धरलाय.